डावीकडचा हात

"डावा लावा," आरटीओचे साहेब म्हणाले.

आप्पांनी हँडलवरचं नवं कोरं बटण डावीकडं सरकवलं. काही झालं नाही. बटण मधे आणलं, पुन्हा सरकवलं, मग ओठांतल्या ओठांत णमोकार पुटपुटत जरा जोरानं सरकवलं. मी मागं जाऊन बघितलं. दिव्यात काजव्याएवढा तांबूस उजेड आला होता आणि तिथंच मुक्कामाला बसला होता. लुकलुकायचं नाव नाही.

"उजवा."

उजव्याचीही तीच गत.

"आता हेडलाइट चालू ठेवून डावा लावा."

हेडलाइट लागला तसा डावीकडचा काजवाही विझला. साहेबांनी कमरेवर हात ठेवले आणि गाडीला एक पूर्ण फेरी मारली.

"हे काय बसवलं तुम्ही?"

"इंडिकेटर, साहेब. परवाच बसवून घेतलेत." आप्पा शाळेत उत्तर द्यायला उभं केल्यासारखे ताठ उभे होते. "चारी बाजूला बसवलेत."

"बसवले ते दिसून राहिलं मला. पण चालते कुठं?"

आणि नेमकी तेव्हाच आई हसली. मोठ्यानं नाही, पदराआड. पण मी बघितलं, आणि माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! या पासिंगपायी घरात आठवडाभर कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. गाडी नापास व्हायच्या बेतात होती, आणि जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, ती बाई साइडकारमध्ये बसून खुशाल हसत होती.

माझ्या आईचे दोन्ही पाय लहानपणीच्या पोलिओनं गेलेले. लग्न झाल्यावर आप्पांनी एक जुनी बुलेट घेतली आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार जोडून घेतली. त्या साइडकारला एक बुटकं दार करून घेतलं, म्हणजे आईला हातांवर जोर देऊन आपली आपण आत सरकता यायचं. गावात तिला सगळे 'पाळणा' म्हणायचे. आई आधी भडकायची, मग तीच म्हणायला लागली, "पाळणा काढा, उशीर होतोय." त्या पाळण्यातनं ती बाजाराला जायची, जैन बस्तीत दर्शनाला जायची, लग्नाकार्याला जायची. आणि पलीकडच्या दोन गावांत शिवणाचे वर्ग घ्यायला जायची, ते तर तिचं जीव की प्राण. हातानं फिरवायच्या मशीनवर तिनं किती पोरींना ब्लाउज कापायला शिकवलं त्याची गणती नाही. त्यांतल्या कितीतरी जणींनी पुढं आपापली दुकानं टाकली.

एसटीच्या पायऱ्या तिला चढता यायच्या नाहीत, आणि कुणी उचललेलं तिला खपायचं नाही. "मी काय गाठोडं हाय?" म्हणायची. म्हणजे गोष्ट सरळ होती. गाडी पास झाली तर आई बाहेर. गाडी नापास झाली तर आई घरात, कायमची. आमच्या एका आत्यानं तर बोलूनही दाखवलं होतं, "आता पुरे की वहिनी, किती दिवस हिंडायचं?"  त्या दिवशी आईनं मशीन इतक्या जोरात फिरवलं की दोरा तीनदा तुटला.

आधीच्या खेपेची पासिंगं सहज झाली होती. साहेब यायचे, हॉर्न वाजवून बघायचे, पाळण्यातल्या आईला नमस्कार करायचे, झालं. या खेपेला मात्र पेठेतल्या कुणीतरी आप्पांच्या कानात भरवलं की नवे गेडाम साहेब विदर्भातनं आलेत आणि दिव्यांच्या बाबतीत वाघ आहेत. इंडिकेटर नसलेली गाडी फाटकातूनच परत. आमचे आप्पा म्हणजे सरळमार्गी माणूस. सोसायटीत नोकरी केली, चार माणसं म्हणतील ते खरं मानलं. तडक गेले आणि चार इंडिकेटर बसवून आले. अंगणात गाडी उभी करून आम्हा दोघींना बटण दाबून दाखवलं. तेव्हा ते छान लुकलुकले होते. मी टाळ्या वाजवल्या. आई बघत राहिली, मग आत सरकली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. आमटीला मीठ नाही, चहाला साखर नाही. मी म्हटलं, काळजीनं झालं असेल.

मी तेव्हा नुकती डी.एड. झालेली, नोकरीची वाट बघत घरीच होते. राग कायम नाकावर. त्यामुळं पासिंगच्या मैदानात साहेबांपुढं आप्पांची वाचा बसली तशी मीच पुढं झाले.

"साहेब, म्हणजे इंडिकेटर लुकलुकत नाहीत म्हणून तुम्ही गाडी नापास करणार?"

"तुम्ही कोण?"

"मुलगी. त्रिशला मगदूम."

"त्रिशलाताई, गाडी कोणत्या सालची?"

मी साल सांगितलं. माझ्या जन्माच्याही आधीचं.

"मंग? त्या काळात या गाडीला कंपनीनं इंडिकेटर दिलेच नव्हते. जे दिलंच नाही ते मी मागत नाही. पण एकदा लावलं का ते चाललंच पाहिजे. आणि ही सहा व्होल्टची बॅटरी. तिचा जीव केवढा, तुम्ही तिच्यावर लादलं केवढं! मागून येणाऱ्याला काय समजणार? हा वळून राहिला, का नाही वळून राहिला?"

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हंजे साहेब... लावलेच नसते तर?"

"तर मी विचारलंच नसतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आप्पा त्या चार दिव्यांकडं असे बघत होते, जणू घरात बोलावून बसवलेल्या पाहुण्यांनीच चोरी केली होती. पाळण्यातनं पुन्हा खुसखुस ऐकू आली.

"काढून आणा," साहेब म्हणाले. "दुपारपर्यंत आहे मी इथं." आणि ते पुढच्या टेम्पोकडं गेले.

आम्ही गाडी ढकलत कडेच्या लिंबाखाली नेली. सीटखालनं पाने, स्क्रू-ड्रायव्हर काढले. आणि काय आश्चर्य! दोन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेली आई एकदम बोलायला लागली.

"त्रिशला, तो डावीकडचा आधी काढ. दे, पाना हिकडं दे. मी काढतो."

आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आईही तशीच बोलायची. पाळण्यातनं वाकून तिनं डावीकडचा दिवा स्वतःच्या हातानं पिळून काढला. तिच्या हातात ताकद फार. आप्पांना जो नट हलेना तो तिनं एका झटक्यात सैल केला.

"आई, तुला एवढं हसू कशाचं येतंय गं?" मी फणकारले.

"हसू नको तर काय रडू?"

"गाडी गेली असती आत्ता. म्हणजे तुझा वर्ग गेला असता, तुझा बाजार गेला असता. तुला काहीच कसं वाटत नाही?"

"गेली न्हाई न्हवं अजून?" आई म्हणाली आणि काढलेला दिवा तिनं माझ्या हातात असा टेकवला, जसा आमटीत सापडलेला खडा. "हे ठेव बाजूला."

मला काही कळेना. आप्पांना त्याहून कळेना. ते बिचारे सुटलेल्या तारांची टोकं चिकटपट्टीनं गुंडाळत होते आणि मधूनमधून साहेबांकडं चोरून बघत होते.

साहेब परत आले तेव्हा आमची गाडी पुन्हा जुन्या रूपात उभी होती. मग त्यांनी एकेक दिवा बघितला. हेडलाइट, डिपर, मागचा लाल दिवा, नंबरावरचा दिवा. पायाचा ब्रेक दाबायला लावून स्वतः मागं उकिडवे बसले आणि ब्रेकचा दिवा लागतो की नाही ते हाताची सावली करून बघितलं. रिफ्लेक्टर बोटानं पुसून बघितला. प्रत्येक वेळी "हं" म्हणायचे, आणि त्या प्रत्येक "हं"ला माझ्या छातीवरचा एकेक दगड उतरायचा.

"दिवे ठीक आहेत," ते म्हणाले. "आता इंडिकेटर नाहीत तर हात दाखवा."

आप्पांनी धोतराला हात पुसला आणि तळवा साहेबांपुढं धरला.

साहेब तळव्याकडं बघत राहिले. शेजारचा टेम्पोवाला फिसकन हसला.

"अहो बापा, मी भविष्य नाही सांगत! वळताना हात दाखवता तो दाखवा. सिग्नल. मैदानाला एक चक्कर मारा. त्या चुन्याच्या रेघेपाशी उजवीकडं वळा, पुढं जाऊन स्लो दाखवा, आणि त्या खांबापाशी डावीकडं वळून इकडं या. एकट्यानं. सवारी उतरवा."

सवारी म्हणजे आई. मी उचलायला पुढं झाले तशी ती डोळे वटारून म्हणाली, "सर, मी उतरतो." साहेबांना वाटलं ती त्यांनाच म्हणतेय, ते गडबडीनं मागं सरले. आई दारातनं लिंबाच्या कट्ट्यावर सरकली, पाय हातांनी उचलून नीट जवळ घेतले आणि पदर सारखा करून बसली. तिच्या तोंडावरचं हसू मात्र आता मावळलं होतं.

"एकट्यानं?" तिनं मला हळूच विचारलं. "ह्यास्नी एकट्यानं चालवायला सांगितलंय?"

"मग? त्यात काय?"

तिनं मान लांब करून खांबाकडं बघितलं.

आप्पांनी किक मारली. रिकामा पाळणा खडखडत गाडीसोबत निघाला. चुन्याच्या रेघेपाशी आप्पांनी उजवा हात लांब केला, झकास वळले. मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास. पुढं जाऊन हात खाली-वर करून स्लो दाखवला. तेही झकास. साहेबांनी "हं" केलं. मग खांब आला. आणि खांबापाशी आप्पा, मैदानभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडले,

"हात!"

आणि गाडी थांबली.

टेम्पोवाला हसायचा थांबला. चहा नेणारा बाप्या तिथंच खिळला. आप्पा रिकाम्या पाळण्याकडं बघत होते. गाडी धडधडत होती, आप्पा वळतही नव्हते आणि पुढंही जात नव्हते.

साहेब तरातरा चालत गेले. मी मागनं पळाले.

"काहून थांबले जी? वळा ना!"

"कसं वळू साहेब?" आप्पा कावरेबावरे झाले होते. "हात कुठाय?"

"कोणाचा हात?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मल्यापासून मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसत आले होते आणि इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते कधी ध्यानात आलंच नव्हतं. आप्पा उजवीकडचा हात दाखवायचे. डावीकडचा हात कायम आईचा असायचा. वळण आलं की आप्पा म्हणायचे, "हात!" आई मान वळवून मागं बघायची, आणि मग पाळण्याबाहेर डावा हात काढायची. हात आला की आप्पा वळायचे. नाही आला तर थांबायचे. आमच्या घरात ते सूर्य उगवण्याइतकं साधं होतं.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ते ठीक आहे. पण चालवणाऱ्याला डावीकडचा सिग्नल स्वतःला देता आला पाहिजे. उजवा हात असा गोल फिरवायचा. दाखवा."

आप्पांनी उजवा हात हँडलवरनं काढला, गोल फिरवायला गेले. त्या नादात डाव्या हातातला क्लच सुटला, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा गोल हात, पुन्हा आचका. तिसऱ्यांदा हात फिरला, पण उलटा फिरला. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. जन्मात कधी केलं नव्हतं हो त्यांनी ते! साठीकडं झुकलेल्या माणसाला भर मैदानात, लोकांसमोर, असा घाम फुटलेला मला बघवेना.

"एकटे चालवता का कधी?" साहेबांनी विचारलं.

"कधीच न्हाई. हिला न्यायलाच घेतलीया गाडी."

"मग आरशात पाहून..."

"आरशात पाळणाच दिसतो साहेब. डावीकडचं मागचं मला दिसतच न्हाई."

हे बोलायला नको होतं. साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "म्हणजे डावीकडं वळताना तुम्हाला मागचं दिसत नाही, सिग्नल देता येत नाही. अशी गाडी मी रस्त्यावर कशी सोडू?" ते कठोरपणे बोलले नाहीत, हेच वाईट. कठोर बोलले असते तर मी भांडले असते. "नाही होत, काका. माझा नाइलाज आहे."

आप्पा गाडीवरनं खाली उतरले. टाकीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. माझ्या डोळ्यांपुढं आमचा सोपा आला, त्यातलं मशीन आलं, आणि त्या मशीनपुढं दिवसेंदिवस बसलेली आई आली. मला रडूच फुटणार होतं.

"ओ साहेब!"

कट्ट्यावरनं आई ओरडत होती. आईचा आवाज म्हणजे चाळीस पोरींच्या गोंगाटावरनं जाणारा आवाज. अख्खं मैदान वळून बघायला लागलं.

"ओ साहेब! अर्धी गाडी तुम्ही हितं कट्ट्यावर बसवून ठेवलीया! मग ती पास कशी हुईल?"

साहेब चमकले. आईकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. मग हळूहळू कट्ट्यापर्यंत चालत आले.

"काय म्हणता, आजी?"

"आजी कुणाला म्हणतासा? अजून पोरीचं लगीन व्हायचंय." आईची जीभ संकटातही बोथट व्हायची नाही. "साहेब, तुम्ही दिवे बघितलासा. हेडलाइट काढून ठेवून गाडी बघितली असती काय? न्हाई न्हवं? मग डावीकडचं मी हाय. मला काढून ठेवून कशी बघतासा?"

"पण मावशी, नियम..."

"नियमात साइडकार हाय का न्हाई? नोंदलीया का न्हाई?"

नोंदलेली होती. साइडकारसकट, बसणाऱ्या माणसासकट. साहेब डोकं खाजवत राहिले. ऊन चांगलंच चढलं होतं, मागं गाड्यांची रांग वाढत होती. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, बघा की एक डाव, बसवून." तो आता आमच्याच बाजूचा झाला होता.

"बसवा," साहेब म्हणाले. "आणि मी मागं बसतो. माझ्या डोळ्यांनी पाहीन. नाही पटलं तर नाही, मग कोणी काही बोलायचं नाही."

आई पाळण्यात सरकली. आप्पांनी किक मारली. मागच्या सीटवर साहेब बसले, आणि मी तिथंच उभी राहून दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले मलाही माहीत नाही.

गाडी निघाली. उजवीकडं आप्पांचा हात. स्लोला आप्पांचा हात. मग खांब.

"हात!" आप्पा ओरडले.

आईनं मान मागं वळवली. पण हात बाहेर आला नाही.

"थांबा!" आई ओरडली.

आप्पांनी करकचून ब्रेक दाबला. साहेबांचं नाक आप्पांच्या पाठीवर आदळलं, चष्मा तिरका झाला. आणि त्याच क्षणाला ब्रेक तपासायला भरधाव सोडलेला दुसरा एक टेम्पो पाळण्याच्या डाव्या अंगानं सूं करून निघून गेला. वळले असते तर सरळ त्याच्या तोंडात. धूळ उडाली. धुळीत मला काही दिसेना. धूळ बसली तेव्हा आई अजून मागंच बघत होती. चांगलं बघून घेतलं, आणि मग तिचा डावा हात बाहेर आला. सरळ, ताठ, हिरव्या बांगड्यांसकट. आप्पा वळले.

गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. साहेब उतरले. चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा घातला. 

"तुम्हाला तो टेम्पो दिसला होता का?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"न्हाई साहेब."

"मग काहून थांबले?"

"ही थांबा म्हणाली न्हवं."

साहेबांनी आईकडं बघितलं आणि मान हलवली, पण आता ती मान वेगळी हलत होती. "पास," ते म्हणाले. "गाडी पास आहे. फक्त काका, एक ऐका. लिहून देत नाही, तोंडी सांगतो. यांना घेतल्याशिवाय ही गाडी कधी बाहेर काढायची नाही. पेट्रोल भरायलासुद्धा नाही."

"काढतोय कशाला?" आप्पा म्हणाले आणि तिथंच मातीत बसले. टेम्पोवाल्यानं पाणी आणून दिलं. मी रडत होते आणि हसत होते आणि साहेबांना थँक्यू थँक्यू म्हणत सुटले होते. इतकं हलकं, इतकं मोकळं मला पुढं नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर उसाच्या रसाची एक टपरी लागली. आप्पांनी गाडी सावलीला घेतली. रसवाल्यानं तीन ग्लास आणले, एक पाळण्यात आईच्या हातात दिला. आईनं तो एका दमात संपवला. मी बघतच राहिले. घराबाहेर पडली की आई पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायची नाही. परगावी मोरीला जायचं म्हणजे कुणाला तरी सांगायचं, कुणीतरी धरायचं, त्यापेक्षा तहानलेली बरी, असं तिचं कायमचं गणित.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "दोन दिवस तोंड का पाडून बसली होतीस? आणि दिवे लागले नाहीत तेव्हा हसलीस का?"

आईनं रिकामा ग्लास मांडीवर ठेवला. "ह्यांनी ते दिवे आणलेत न्हवं, तवा मला वाटलं, झालं. आता बटण दाबलं की डावीकडचं काम हुतंय. मग मी काय करायचं? नुसतं बसायला काय, गव्हाचं पोतंबी बसतंय पाळण्यात."  एवढी वाघासारखी बाई, पण डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. "माणूस सगळ्यांच्या उपकारावर जगतंय बघ, त्रिशला. उठीव म्हणायचं, बशीव म्हणायचं. ह्या एका गाडीवर तेवढं मला वाटायचं की आपणबी कुणालातरी नेतोय."

 आप्पांनी आपला ग्लास टपरीच्या कट्ट्यावर ठेवला. त्यांना असलं बोलता यायचं नाही, कधीच आलं नाही. त्यांनी पाळण्याच्या कडेवर हात ठेवला.

"पद्मा," ते म्हणाले, "पोतं 'थांबा' म्हणतंय व्हय गं?"

 आईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि रिकामा ग्लास रसवाल्यापुढं धरला. "आणि एक दे. आलं जास्त घाल."

"आई," मी घाबरून म्हटलं, "अजून लांब जायचंय गं. वाटेत लागली तर?"

"लागली तर लागली," आई म्हणाली. "मी थांबवतो की गाडी."